सायकलवर घाम, थांबलं की हुडहुडी: थंडीत आत काय घालायचं?

दिवाळी सरली, धान कापून झालं की आमच्याकडे हीच तक्रार सुरू होते. पहाटे निघताना थंडी वाजते म्हणून माणूस बनियानवर थर्मल, थर्मलवर स्वेटर आणि वरून जॅकेट चढवतो. चार-पाच किलोमीटर होत नाहीत तोच पाठ भिजते. टपरीवर चहाला थांबलं की पाच मिनिटांत अंग गारठतं, आणि परत सायकलवर बसलं तरी ऊब येत नाही. मग दुसऱ्या दिवशी आणखी एक स्वेटर. त्याने त्रास कमी होत नाही, वाढतो.

भंडारा-गोंदियाकडे हे जास्त ऐकू येतं, कारण हिवाळ्यात विदर्भातलं सगळ्यात कमी तापमान बहुतेक वेळा गोंदियाचंच असतं. पण यवतमाळ, अमरावतीकडचे सायकलवालेही तेच सांगतात. २९ डिसेंबर २०१८ ला खुद्द नागपुरात पारा ३.५ अंशांवर आला होता. तरीही विदर्भ म्हटलं की सगळ्यांच्या डोक्यात उन्हाळाच असतो, म्हणून तालुक्याच्या दुकानात सायकलसाठी थंडीचे कपडे कोणी ठेवत नाही. मिळतात ते घरात बसायचे.

उपाय असा आहे: अंगाला चिकटून असलेला सगळ्यात आतला कपडा बदला आणि वरचे कपडे कमी करा. या आतल्या कपड्याचं, म्हणजे बेस लेयरचं, मुख्य काम ऊब देणं हे नाही. घाम कातडीवरून उचलून बाहेरच्या बाजूला न्यायचा आणि कातडी कोरडी ठेवायची, हे त्याचं काम. ते झालं की वर साधा स्वेटरही पुरतो.

आधीच एक सांगून टाकतो. तुम्ही दुधाच्या कॅन लावून निवांत वेगाने डेअरीपर्यंत तीन-चार किलोमीटर जात असाल आणि घाम येतच नसेल, तर तुमची बनियान आणि स्वेटर ठीक आहे, काही बदलू नका. हे लिहितोय ते घाम काढणाऱ्यांसाठी: भरतीची तयारी करणारे पोट्टे, ब्रेव्हे (ठरलेल्या वेळेत पुरी करायची लांब पल्ल्याची सायकल फेरी) करणारे, सायकलने रोज दहा-पंधरा किलोमीटरवर कामाला जाणारे, आणि शाळेची वेळ गाठायला जोरात पेडल मारणाऱ्या मुली.

आधी आत हात घालून बघा

काही विकत घेण्याआधी एक तपासणी करा. पंधरा-वीस मिनिटं नेहमीच्या वेगाने चालवा, थांबा आणि लगेच हात आत घाला. आधी कमरेच्या वर पाठीवर, मग छातीवर, मग काखेखाली. कोणता कपडा ओला आहे आणि कुठे, ते बोटांना कळलं पाहिजे.

मागच्या हिवाळ्यात भरतीची तयारी करणारा एक मुलगा मैदानाच्या कडेला कुडकुडत उभा होता. "काका, डबल स्वेटर घातला तरी थंडी वाजून राह्यली," म्हणाला. त्याच्या स्वेटरवरून हात फिरवला तर तो कोरडा, फक्त खांद्यावर दवाचा दमटपणा. आत हात घातला तर सुती बनियान पिळून निघेल इतकी ओली, पाठीला चिकटलेली, आणि काखेपासून खाली शिवणीशिवणीने पाणी उतरलेलं. अंगाची ऊब त्या दोन स्वेटरांपर्यंत पोचतच नव्हती, ती बनियानमधलं पाणी वाळवण्यातच खर्च होत होती. तिसरा स्वेटर घातला असता तर घाम आणखी आला असता, एवढंच.

हाताला काय लागतं त्यावरून पुढचं ठरतं. पाठ आणि छाती दोन्ही ओली असतील तर आतला कपडा पाणी धरतोय, आणि बहुतेक वेळा वरचे कपडेही जास्त झालेत. पाठ ओली पण छाती गार पडलेली असेल तर समोरून वारा शिरतोय, त्याचा उपाय वेगळा आहे आणि पुढे सांगतो. सगळं कोरडं असून थंडी वाजत असेल तरच कपडे खरोखर कमी पडताहेत. असे लोक फार थोडे निघतात.

सुती बनियान काय करते

कापसाच्या मुलखात हे समजावायला फार शब्द लागू नयेत. सीसीआयच्या, म्हणजे सरकारी कापूस महामंडळाच्या, खरेदी केंद्रावर कापसात ८ टक्क्यांपर्यंत ओलावा असला तर पूर्ण भाव, १२ टक्क्यांच्या वर गेला तर गाडी परत. सकाळी दवात वेचलेला कापूस आणि दुपारी वेचलेला कापूस यांच्या वजनातला फरक इथल्या घराघरांत माहीत आहे. बनियानमध्ये तोच धागा आहे. साधारण दमट हवेत सूत आपल्या वजनाच्या ८ टक्क्यांच्या आसपास पाणी नुसतं हवेतून घेतं. पॉलिस्टर अर्धा टक्काही घेत नाही.

हा झाला हवेतला ओलावा. घामाचं पाणी मिळालं की सूत ते पोटात घेतं, फुगतं, मऊ पडतं आणि कातडीला चिकटतं. धाग्यांमध्ये अडकलेली हवा निघून जाते, आणि ऊब खरं तर ती हवाच देत असते. तिच्या जागी आलेलं पाणी स्थिर हवेपेक्षा सुमारे २५ पट सहज उष्णता वाहून नेतं. शिवाय एक लिटर घाम वाळायला साधारण ५८० किलोकॅलरी उष्णता लागते, आणि ती येते तुमच्या अंगातून.

मग चालवताना थंडी का वाजत नाही? कारण पाय जी ऊर्जा जाळतात तिच्यातला जेमतेम पाव हिस्सा पेडलवर पोचतो, उरलेली सगळी उष्णता होऊन अंगातच राहते. तोवर ओली बनियान खपून जाते. थांबलात की ती उष्णता बंद आणि पाणी तसंच. टपरीवरची हुडहुडी ही अशी येते.

सुताबद्दल माझी तक्रार नाही. मे महिन्यात वर्धा-चंद्रपूरच्या ४५ अंशांत पाणी धरून ठेवणारा हाच कपडा अंग थंड ठेवतो, तेव्हा त्याच्याइतकं चांगलं काही नाही. डिसेंबरच्या पहाटे जोरात सायकल चालवायची असेल तर मात्र तो अंगाला लागता कामा नये.

बाजारात थर्मल म्हणून मिळणारे बरेच जोड आतून सुतीच असतात, म्हणून थर्मल घालूनही लोक गारठतात. आतली चिठ्ठी वाचा. कॉटन किंवा व्हिस्कोस निम्म्याच्या आसपास असेल तर तो रात्री झोपताना घाला, सायकलवर नको. व्हिस्कोस हाताला रेशमी लागतं म्हणून फसायला होतं, पण ते सुतापेक्षाही जास्त पाणी पितं.

लोकरीचा प्रश्न नेहमी येतो. लोकर तर त्याच दमट हवेत १६ टक्क्यांच्या आसपास ओलावा घेते, मग ती कशी चालते? ती ओलावा धाग्याच्या आत घेते आणि वरून कोरडी लागते. धागा मुळातच कुरळा असल्याने भिजला तरी आडवा पडत नाही, त्यातली हवा टिकते. ओलावा शोषताना थोडी उष्णताही बाहेर पडते. मात्र हे मेरिनोसारख्या बारीक लोकरीबद्दल, जिच्या धाग्याची जाडी २० मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) आसपास किंवा कमी असते. जाडी लोकर कातडीला टोचते, ती वरच्या स्वेटरलाच बरी.

इथे मिळतं त्यातून काय घ्यावं

मेरिनोचा बेस लेयर परवडत असेल तर १५० जीएसएमच्या (एक चौरस मीटर कापडाचं ग्रॅममधलं वजन) आसपासचा पातळ घ्या. २५० चा जाड कपडा हिमालयात ठीक आहे, आपल्याकडे नऊ वाजता तो नकोसा होतो. पण खरं सांगायचं तर आपल्या थंडीला मेरिनो लागतंच असं नाही. तालुक्याच्या खेळाच्या दुकानात क्रिकेटवाले घालतात तो अंगासरशी बसणारा पॉलिस्टर-स्पॅन्डेक्सचा इनर मिळतो. माझ्या मते ग्रामीण भागातल्या सायकलवाल्यासाठी पैशाच्या मानाने यापेक्षा चांगला आतला कपडा नाही. तोही घ्यायचा नसेल तर घरात पडलेली पॉलिस्टरची जुनी कबड्डीची किंवा फुटबॉलची जर्सी काढा. ती अंगाला चिकटून बसली पाहिजे. ढगळ असेल तर शिंप्याकडून दोन्ही बाजूंनी आत घेऊन घ्या. कपडा कातडीला टेकला नाही तर घाम उचलणार कसा? घाम अंगावरून ओघळत कमरेपाशी साचतो.

जाळीदार बेस लेयरही चांगला चालतो. १९३३ साली नॉर्वेच्या सैन्यातल्या एका अधिकाऱ्याने मासेमारीच्या जाळ्यापासून तो पहिल्यांदा केला. जाळीच्या भोकांत हवा राहते, घाम तिच्यातून थेट वरच्या कपड्यात जातो. आपल्याकडची जुनी जाळीची बनियान दिसायला तशीच, पण सुती असते, म्हणून तिचा इथे उपयोग नाही.

कपडा ओळखायला दोन साध्या परीक्षा आहेत. एक, कपड्याच्या आतल्या बाजूवर पाण्याचा एक थेंब टाका. थेंब झटकन पसरून बाहेरच्या बाजूला ओल दिसली तर कपडा घाम बाहेर नेईल. थेंब मण्यासारखा तसाच बसून राहिला तर घाम कातडीवरच राहील. दुसरी परीक्षा जास्त खात्रीची. पातळ पॉलिस्टरची जर्सी आणि सुती बनियान संध्याकाळी धुवून, सारखंच पिळून, घरातल्या दोरीवर शेजारी-शेजारी टाका. सकाळी जर्सी कोरडी असते, बनियानच्या काखेतल्या आणि खालच्या दुमडीतल्या शिवणी ओल्या लागतात. अंगावरही तेच होतं.

आतला कपडा मागून लांब हवा. हँडलवर वाकलं की आखूड बनियान वर सरकते आणि कमरेची पट्टी उघडी पडते. गार वारा आधी तिथूनच शिरतो. कपडा पँटमध्ये खोचला तरी तो खोचलेला राहिला पाहिजे.

वरच्या थराला फार डोकं लावू नका. अ‍ॅक्रिलिकचा पातळ स्वेटर चांगला चालतो, तो पाणी फारसं धरत नाही. अर्जुनी मोरगाव तालुक्यात गोठणगावजवळ नोर्ग्येलिंग ही तिबेटी वसाहत आहे, आणि हिवाळ्यात तिबेटी लोकांची स्वेटरची दुकानं बऱ्याच गावांत लागतात; तिथे असे स्वेटर सहज मिळतात. गळ्याला चेन असलेला घ्या, चढावर उघडता येतो.

पाठ ओली, छाती गार

हा वाऱ्याचा त्रास. हवेचं तापमान ८ अंश असताना ताशी २५ किलोमीटरने चालवलं तर उघड्या कातडीला ते ४ अंशांसारखं लागतं. उतारावर ४० चा वेग गाठला तर ३ च्या आसपास. लोक यावर रेनकोट घालतात. तो वारा अडवतो, पण घामाची वाफही कोंडतो आणि तासाभरात आतून पाणी सुटतं.

वारा फक्त समोरून अडवायचा, पाठ मोकळी ठेवायची. युरोपातले सायकलपटू घाटावरून उतरताना जर्सीत वर्तमानपत्र खुपसत आले आहेत, आणि ते आपल्याकडेही तितकंच चालतं. बेस लेयरच्या वर, स्वेटरच्या खाली, छातीपासून पोटापर्यंत दोन पानं घडी करून घाला. कातडीला थेट लावू नका, घामाने लगदा होतो. ऊन आलं की काढून खिशात. कोणी बिनबाह्यांचं विंडचीटर घेत असेल तर पुढून कापड आणि मागून जाळी असं बघून घ्यावं.

पहाटे नऊ अंश, दुपारी सत्तावीस

थंडीच्या कपड्यांबद्दल परदेशातले सायकलवाले जे सांगतात ते इथे जसंच्या तसं का लागू होत नाही, त्याचं कारण हे. त्यांच्याकडे दिवसभर थंडी असते. आपल्याकडे पहाट आणि दुपार यांत अठरा-वीस अंशांचा फरक पडतो. २०० किलोमीटरच्या ब्रेव्हेला साडेतेरा तास असतात. पहाटे सुटलेला माणूस कडाक्याची थंडी, दुपारचं चटकणारं ऊन आणि पुन्हा संध्याकाळचा गारठा, तिन्ही एकाच कपड्यांत बघतो. म्हणून आतला कपडा पातळच हवा, जो दिवसभर अंगावर राहील, आणि बाकीचं सगळं सायकल न सोडता काढता-घालता यावं.

यासाठी सगळ्यात उपयोगी वस्तू आपल्याकडे रस्त्याच्या कडेला मिळते: दुचाकीवाले उन्हाळ्यात हातात चढवतात त्या लांब बाह्या. त्या पॉलिस्टर-स्पॅन्डेक्सच्याच असतात. बिनबाह्यांचा किंवा अर्ध्या बाह्यांचा बेस लेयर आणि या बाह्या, असा जोड ठेवा. ऊन चढलं की बाह्या मनगटाकडे सरकवा, नाहीतर काढून खिशात टाका. पूर्ण बाह्यांचं थर्मल असं काढता येत नाही, त्यासाठी रस्त्यात उघडं व्हावं लागतं.

निघताना थोडी थंडी वाजलीच पाहिजे. दारातच उबदार वाटत असेल तर एक कपडा जास्त आहे. पहिल्या दोन-तीन किलोमीटरांत अंग तापतं, तेवढा वेळ सोसा. फक्त रस्ता ओळखून ठेवा. शांत, निरभ्र रात्री गार हवा जड होऊन खोलगट भागात साचते, म्हणून नाल्याच्या पुलावर, तलावाच्या पाळीखाली एकदम बोचरी थंडी लागते. तिथे चेन वर, पुढे चढ आला की खाली. आणि सगळ्यात कडक थंडी सूर्योदयाच्या आसपास असते, पाचला निघताना वाटते तीच सगळ्यात जास्त, असं समजू नका.

चिखलदऱ्याच्या घाटाला हे सगळं अपुरं पडतं. परतवाड्याकडून चढताना घाम निथळतो, सुमारे ११०० मीटर उंचीवर पोचून माणूस गरम चहा घेत ओल्या कपड्यात गप्पा मारत बसतो, आणि उतरताना पेडल मारायचं काम नसल्याने अंगात उष्णता तयार होत नाही, वारा मात्र दुप्पट. कितीही महागडा कपडा असला तरी तो एवढा घाम दहा मिनिटांत वाळवू शकत नाही. तिथे एकच उपाय आहे: दुसरा कोरडा बेस लेयर प्लास्टिकच्या पिशवीत बांधून न्या, वर पोचल्यावर चहा सांगण्याआधी बदला, ओला पिशवीत टाका. उतरण्याआधी कागद छातीशी आणि विंडचीटर वरून.

मुलींसाठी

याबद्दल कोणी लिहीत नाही, म्हणून स्पष्ट लिहितो. शाळा-कॉलेजला जोरात सायकल मारत जाणाऱ्या मुलींच्या अंगाला लागणारा पहिला कपडा म्हणजे आतली सुती ब्रा, आणि तीच सगळ्यात आधी भिजते व सगळ्यात उशिरा वाळते, त्यात पॅड असेल तर आणखीच. फक्त वरचं बदलून उपयोग होत नाही. पॉलिस्टरची खेळाची ब्रा घ्या, आणि गणवेशाच्या आत पातळ बिनबाह्यांचा इनर. स्वेटर शाळेत पोचल्यावर घालायला दप्तरात ठेवा, चालवताना घालू नका. आयांना हे पटायला वेळ लागतो, कारण मुलगी थंडीत स्वेटरशिवाय निघालेली बघवत नाही. त्यांना मुलीची पाठ शाळेत पोचल्यावर कशी असते ते हात लावून बघायला सांगा.

मागच्या वर्षी चालला, यंदा चालत नाही

तोच कपडा असेल आणि घाम आता साचत असेल तर धुण्यात गडबड आहे. कपडे मऊ आणि सुवासिक करणारं द्रावण धाग्यावर थर बसवतं आणि घाम पसरणं थांबतं. ते बंद करा, साध्या साबणाने दोन-तीनदा भरपूर पाण्यात खळबळा, मग थेंबाची परीक्षा पुन्हा घ्या. पॉलिस्टरला वास धरतो कारण अंगाचं तेल त्यावर बसतं. घरी आल्या आल्या उलटा करून धुवा, बादलीत रात्रभर ओला ठेवू नका. इस्त्री नको. मेरिनो गार पाण्यात, ब्रश न लावता, सावलीत आडवं पसरून वाळवा.

पायांचं थोडक्यात: पारा दहा-बाराच्या खाली असेल तर गुडघे झाका, पातळ पॉलिस्टरची ट्रॅक पँट पुरते. पॅडच्या सायकल शॉर्टखाली सुती चड्डी घालू नका, ती भिजते आणि घासते. कानांना हेल्मेटखाली पातळ टोपी, तोंडाला दुपट्टा.

हे सगळं करून, आतला कपडा कोरडा असूनही हुडहुडी येत असेल, तर आधी रिकाम्या पोटी निघताय का ते बघा. भाकरीचा तुकडा, एक केळं, गूळ-शेंगदाणे काहीही चालेल. आणि थंडी घरी आल्यावर, पांघरूण घेऊनही भरत असेल, त्यानंतर ताप चढून घाम येऊन उतरत असेल, तर तो सायकलचा प्रश्न नाही. गडचिरोली आणि तिकडच्या जंगलपट्ट्यात मलेरिया आजही आहे. कपडे बदलत बसू नका, त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन रक्त तपासून घ्या.